उपचाराच्या खोलीतील लोकशाही



'उपचार' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. रोग हटविण्यासाठी करावयाचा इलाज हा एक, आणि पूजेत वा शिष्टाचारात पाळावयाचे ठरीव सोपस्कार हा दुसरा. षोडशोपचार आपण म्हणतो ते या दुसऱ्या अर्थाने. ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांहून निराळी आहे, म्हणजे जी माणसे स्वमग्न आहेत, ज्यांचे अवधान एका जागी ठरत नाही, ज्यांना अक्षरांशी वा अंकांशी झगडावे लागते, अशांवर विसाव्या शतकात जे उपचार झाले ते पहिल्या अर्थाचे आहेत असे सर्वांनी मानले. त्यांतील फार मोठा भाग वस्तुतः दुसऱ्या अर्थाचा होता. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे, हात हलवू नयेत, एकाच विषयावर फार वेळ बोलू नये, गर्दीत कानांवर हात ठेवू नयेत, हे सोपस्कार ज्याला साधले तो 'सुधारला'. ते साधण्यासाठी त्याला आतून काय सोसावे लागले, ही रक्कम कोणत्याही खात्यावर मांडली गेली नाही.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या हिशेबाला आव्हान मिळाले आहे, आणि ते मुख्यतः ज्यांच्यावर उपचार झाले त्यांच्याकडून मिळाले आहे. त्या आव्हानातून मानसोपचाराची एक निराळी रीत आकाराला येते आहे. तिचे दोन पाय आहेत. समोरच्या माणसाची वेगळी घडण ही त्याच्या व्यक्तित्वाचा, त्याच्या ओळखीचा भाग आहे असे धरून चालणे हा एक, आणि उपचाराचे उद्दिष्ट त्याच्याशी विचारविनिमय करून ठरविणे हा दुसरा. ऐकावयास हे साधे वाटते. परंतु यामागे सत्तेचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो समाजवादी विचारपीठावर चर्चिला जाण्याच्या योग्यतेचा आहे.

'सर्वसामान्य माणूस' ही कल्पना आपण समजतो तितकी जुनी नाही. बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ केतले याने १८३५ साली 'सरासरी माणूस' ही संकल्पना मांडली. खगोलशास्त्रात निरीक्षणांतील चुका ज्या वक्ररेषेने मोजत, तीच रेषा त्याने माणसांना लावली आणि सरासरीपासून दूर असणे ही जणू निसर्गाची चूक ठरली. गाल्टनने पुढे त्या रेषेवर माणसांची प्रतवारी केली. १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला इंग्रजी नाव दिले ते यानेच. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने व सिमाँ यांनी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी या हेतूने. हेतू चांगला होता. तथापि ठरावीक वेळात ठरावीक पाठ आणि ठरावीक पाळीत ठरावीक उत्पादन या पद्धतीवर उभ्या असलेल्या समाजाच्या हाती ती कसोटी गेली, तेव्हा तिचा चाळणीसारखा उपयोग होणे अपरिहार्य होते. रॉबर्ट चॅपमन या तत्त्वचिंतकाने २०२३ च्या आपल्या ग्रंथात हा धागा भांडवलशाहीच्या इतिहासाशी जोडून दाखविला आहे. त्यांचे प्रत्येक अनुमान मान्य करण्याचे कारण नाही; पण घड्याळ आणि निदान यांचा संबंध त्यांनी नेमका पकडला आहे.

ही चाळणी कोठवर जाऊ शकते याची साक्ष व्हिएन्ना शहरात आहे. १९४४ साली ज्या हान्स आस्पेर्गर यांनी स्वमग्नतेच्या एका प्रकाराचे वर्णन केले, त्यांना पुढे अनेक वर्षे मुलांचे तारणहार मानले गेले. २०१८ मध्ये इतिहासकार हेर्विग चेक यांनी कागदपत्रांवरून दाखवून दिले की, ज्या संस्थेत नाझी राजवटीने अपंग मुलांना ठार मारले तेथे काही मुलांना धाडण्यात आस्पेर्गर यांचाही हात होता. उपयोगी पडेल अशी हुशारी ज्याच्यात दिसली त्याची बाजू मांडावयाची आणि ज्याच्यात ती दिसली नाही त्याला सोडून द्यावयाचे, असा तो प्रकार होता. 'उपयोगी' या शब्दाकडे या पुढेही लक्ष ठेवावे लागेल.

अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून 'ऑटिझम' हे स्वतंत्र निदान म्हणून मांडले. त्यानंतर दोन दशके आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात गेली. आईची माया थंड, म्हणून मूल मिटून गेले, अशी ती उपपत्ती. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तिला लोकप्रियता दिली. बर्नार्ड रिमलँड या स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच ती खोडून काढली होती, पण बाईला दोष देणारी उपपत्ती सहजी मरत नाही. मग वर्तनवाद आला. लोवास यांनी १९८७ मध्ये जाहीर केले की, आठवड्याला चाळीस तासांचे शिक्षण दिलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले 'सर्वसामान्य' पातळीवर आली. त्या शिक्षणात बक्षीस होते, तसेच दरडावणे आणि मांडीवर चापट मारणेही होते. याच लोवास यांचे नाव रेकर्स यांच्यासमवेत १९७४ च्या आणखी एका निबंधावर आहे. त्यात एका लहान मुलाचे 'बायकी' वागणे अशाच बक्षीस-शिक्षेने मोडण्याचा प्रयोग वर्णिला आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले ते १९७३ साली. एक वर्तन यादीतून बाहेर पडले, दुसरे आत राहिले. तंत्र मात्र दोहोंसाठी एकच होते. ज्याला आजार म्हणावयाचे तो आजार आहे की नुसती गैरसोय, आणि गैरसोय असेल तर कोणाची, हे कोणी ठरवावयाचे हा प्रश्न तेव्हापासून उघडा पडला आहे.

त्याचे उत्तर देण्याचा पहिला शास्त्रशुद्ध प्रयत्न ब्रिटनमधील शारीरिक अपंगांच्या चळवळीने केला. १९७६ साली त्यांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्याचा आशय असा की, शरीरातील न्यून ही एक गोष्ट आणि त्या न्यूनावर समाजाने लादलेले अपंगत्व ही दुसरी. या मांडणीच्या शिल्पकारांपैकी व्हिक फिंकेलस्टाइन हे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढून तुरुंगवास भोगून आलेले गृहस्थ होते. गोऱ्यांसाठी राखीव बाकडे आणि फक्त जिन्याने जाता येणारी कचेरी यांतील साम्य त्यांना कोणी शिकवावे लागले नसणार. हाच विचार मेंदूच्या घडणीला लावला तो स्वमग्न व्यक्तींनी. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली टोरांटोच्या परिषदेत पालकांना ऐकविले की, तुम्ही जे शोकाकुल आहात ते तुमच्या कल्पनेतल्या मुलासाठी. समोर असलेल्या मुलासाठी शोक करण्याचे कारण नाही. 'न्यूरोडायव्हर्सिटी', म्हणजे मेंदूंचे वैविध्य, हा शब्द त्या दशकात अशाच मंडळींच्या आपसांतील चर्चेतून घडत गेला आणि १९९८ मध्ये ज्युडी सिंगर यांच्या प्रबंधात व हार्वे ब्लूम यांच्या लेखात तो आला.

आता उपचाराच्या खोलीकडे वळू. कार्ल रॉजर्स यांनी 'रुग्ण' हा शब्द टाकून 'क्लायंट' हा शब्द रूढ केला. १९५१ च्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच तो आहे. मराठीत आपण त्याला 'अशील' म्हणतो आणि त्याला कोर्टाचा वास येतो. एका अर्थी तो बरा आहे. वकील अशिलाची बाजू मांडतो, अशिलाला न्यायाधीशासारखा होण्यास शिकवीत नाही.

असे समजू की, एखाद्या शासकीय कचेरीतील तिशीची एक कारकून बाई मानसोपचारकाकडे आली आहे. कित्येक वर्षे ती अभिलेख कक्षात होती आणि तिचे काम चोख होते. बदली होऊन ती आवक-जावकच्या खिडकीवर आली आणि वर्षभरात कोलमडली. घरी गेली की दिवा न लावता पडून राहते. स्वमग्नतेचे निदान नुकतेच, वयाच्या या टप्प्यावर झालेले. ती म्हणते, "मॅडम, मला चारचौघींसारखं वागायला शिकवा."

जुन्या रीतीत धडे तयार होते: हसावे कसे, गप्पांत भाग कसा घ्यावा. नव्या रीतीचा उपचारक आधी खोलीकडे पाहतो. ट्यूबलाइट गुणगुणते आहे का, पंखा खडखडतो का, समोरासमोर बसण्याऐवजी शेजारी बसणे तिला सोयीचे जाईल का. आज काय बोलावयाचे ते कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवतो. रूपकांत बोलत नाही. ही काही लहर नव्हे. ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०१२ साली स्वमग्न प्रौढांच्या मानसोपचारासाठी ज्या सूचना केल्या त्यांत लेखी व चित्ररूप साधनांचा वापर, साधी भाषा, मधूनमधून विश्रांती आणि व्यक्तीच्या आवडीच्या विषयाचा आधार घेणे हे सारे आहे. मग दोघे मिळून खिडकीवरचा एक दिवस तासातासाने लिहून काढतात. त्यातून दिसते ते असे की, माणसे तिला सरसकट थकवीत नाहीत. दोघे एकदम बोलू लागले, साहेबांनी तोंडी दिलेला हुकूम मध्येच बदलला, आणि शिक्क्यांचा ठोका अखंड चालू राहिला, की ती थकते. आणि सर्वांत अधिक थकते डबा खाण्याच्या अर्ध्या तासात, कारण तेथे ती अभिनय करीत असते. शाळेत असताना वर्गातल्या एका मुलीचे हसणे तिने पाठ केले होते. तेच ती अजून वापरते.

या अभिनयाला इंग्रजी ग्रंथांत मुखवटा चढविणे असे म्हणतात. त्याची किंमत थोडी नाही. स्वीडनमधील नोंदींवर आधारलेल्या २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात स्वमग्न व्यक्तींमध्ये आत्महत्येने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे साडेसात पट आढळला, आणि बौद्धिक अक्षमता नसलेल्यांत तो अधिक होता. म्हणजे जे 'चांगले जमवून घेतात' असे आपण समजतो ते. हा धोका केवळ मुखवट्यामुळे आहे असे त्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण जमवून घेणे म्हणजे बरे असणे, हे समीकरण त्याने निश्चितच मोडते. अशा व्यक्तीच्या थकव्याला सरधोपट नैराश्य समजून "बाहेर पडा, चार लोकांत मिसळा" असा सल्ला दिला तर पाय अधिक खोलात जातो, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात.

येथे एक खाचखळगा आहे. "चारचौघींसारखं वागायला शिकवा" ही तिची मागणी. उपचारक जर अस्मितेच्या नव्या विचाराने भारलेला असेल तर तो म्हणेल, 'छे, तू आहेस तशीच उत्तम आहेस.' ही देखील हुकूमशाहीच झाली, फक्त पुरोगामी. सहकार्याची रीत याहून अवघड आहे. चारचौघींसारखे वागून तिला काय मिळवावयाचे आहे हे विचारावे लागते. बढती? मैत्रिणी? की नुसते कोणी टोकू नये एवढेच? कदाचित ती ठरवील की आठवड्यातून दोन दिवस सर्वांबरोबर डबा खाईन आणि उरलेले दिवस जुन्या अभिलेख कक्षात एकटी. हा मार्ग कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, परंतु तो तिचा आहे.

शिवाय आपल्याकडे सहकार्याला एक अडचण आहे जी रॉजर्स यांच्या शिकागोत नसावी. आपला अशील उपचारकाला 'डॉक्टर' म्हणतो, मग ती व्यक्ती वैद्यकीय पदवीधर असो वा नसो, आणि "तुम्ही सांगाल तसं" हे येथे सौजन्य समजले जाते. त्याला एकदम "तुम्हीच ठरवा" म्हणणे म्हणजे सोडून दिल्यासारखे आहे. गावाहून दोन एस.टी. बदलून आलेल्या माणसाला प्रश्नांची उत्तरे प्रश्नांनी मिळाली तर तो परत येणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. आपले मत स्वच्छ सांगावे, ते मत आहे हेही सांगावे, आणि नकाराला जागा ठेवावी, इतपत लोकशाही येथे रुजू शकते.

ओळखीविषयी बोलावयाचे तर महाराष्ट्राला धडे देण्याची गरज नाही. बाहेरून बहाल झालेले 'हरिजन' हे नाव टाकून ज्यांनी 'दलित' हा शब्द लढ्याचा केला, त्यांच्या या भूमीत नाव कोणी ठेवावयाचे याचे राजकारण सर्वांना कळते. अपंगांना २०१५ च्या अखेरीस 'दिव्यांग' हे नाव वरूनच मिळाले. 'स्वमग्न' हा शब्दही तपासून घेण्यासारखा आहे. ब्लॉइलर यांनी शतकापूर्वी ग्रीक धातूवरून बनविलेल्या शब्दाचे ते भाषांतर, पण मराठी कानाला त्यात अहंकाराची छटा ऐकू येते. जो मनुष्य गोंगाटाने विव्हळतो तो स्वतःत मग्न आहे असे म्हणणे हा निदान भाषेचा अन्याय आहे. चांगला उपचारक म्हणून पहिल्याच भेटीत विचारतो: तुम्ही स्वतःला काय म्हणता? आणि माणसाला ओळख एकच नसते. त्या कारकून बाईची नेमणूक राखीव जागेवर झालेली असेल, तर कचेरीतील कुजबुज तिच्या मागे आधीच आहे. आता निदान उघड केले तर तिच्यावर दुसरा शिक्का बसेल. घरी बहिणीचे स्थळ पाहणे चालू असेल तर आई म्हणेल, हे कागद कपाटात ठेव. निदान जाहीर करणे हे धैर्याचे लक्षण म्हणून गौरविणाऱ्या परदेशी पुस्तिकेला यांतले काही ठाऊक नसते. उपचारक सुखवस्तू, उच्चवर्णीय आणि इंग्रजी माध्यमातील असेल तर त्यालाही नसण्याचा संभव आहे.

संवादाच्या बाबतीत डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये एक महत्त्वाचा मुद्दा मांडला: स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणतात, पण इतरांना तरी त्याचे कोठे कळते? अडचण दोघांच्या मध्ये आहे. २०२० साली एडिंबरो येथील प्रयोगात एका माणसाकडून दुसऱ्याकडे गोष्ट सांगत नेली असता, स्वमग्नांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली आणि मिश्र साखळीत अधिक झिजली. पुढे २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर तोच प्रयोग झाला तेव्हा मिश्र साखळीतही ती तितकीच टिकली. चळवळीच्या काही समर्थकांना पहिला निष्कर्ष आवडतो आणि दुसऱ्याचा उल्लेख टाळावासा वाटतो. तसे करण्याचे कारण नाही. स्वमग्न माणसे गोष्ट पोचविण्यात कमी पडत नाहीत, एवढे दोन्ही प्रयोग सांगतात.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. जे मूल बोलत नाही, भिंतीवर डोके आपटून घेते, ज्याच्या आईने वर्षानुवर्षे सलग झोप घेतलेली नाही, तेथे 'ओळखी'चे काय करावयाचे? हा आक्षेप घेणाऱ्या पालकांना प्रतिगामी ठरविणे हा या चळवळीतील वाचाळ वर्गाचा दोष आहे. बोलू शकणारे न बोलणाऱ्यांच्या वतीने बोलतात ही येथेही अडचण आहेच. तरी त्या मुलाच्या बाबतीतही ही रीत निरुपयोगी ठरत नाही. ती आधी विचारते, दुखते आहे का? दात, कान, पोट तपासले का? चित्रांचा तक्ता वा अन्य साधन देऊन त्याला 'नको' म्हणता येईल का, आणि त्याने 'नको' म्हटले तर ते ऐकले जाईल का? आईला झोप मिळण्यासाठी मात्र उपचारक पुरेसा नाही. तेथे दिवसाची पाळणाघरे हवीत, प्रशिक्षित मदतनीस हवेत, आणि त्यांना पगार देणारी संस्था हवी.

म्हणजे आपण अर्थकारणाकडे येतो. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या स्टॅनफर्ड येथील व्याख्यानात विचारले होते की, समता कशाची? अपंग माणसाला इतरांइतकेच उत्पन्न दिले तरी त्या उत्पन्नाचे जगण्यात रूपांतर करण्यासाठी त्याला अधिक खर्च येतो. कमाईत तोटा आणि रूपांतरातही तोटा, अशी ही दुहेरी मार आहे. त्यात उपचाराची फी मिळवा. एका अशिलाला तासभर ऐकून घेणारी ही रीत स्वभावतःच महाग आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून राहतात असे नोंदविले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बाकावर रांग लागलेली असताना ट्यूबलाइटच्या गुणगुणण्याचा विचार कोण करणार? सहकार्याची पद्धत शहरी, फी देऊ शकणाऱ्या वर्गापुरती राहिली तर तिच्यातील लोकशाही ही जिमखान्याच्या सभासदांतील लोकशाही ठरेल.

कायदा मात्र पुढे गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य अक्षमतांची संख्या ७ वरून २१ केली. त्यात स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आल्या. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांच्यासह या गटांसाठी आहे. परंतु त्यासाठी ४० टक्के अक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. उपचाराच्या खोलीत जी माणसाची ओळख होती, ती वैद्यकीय मंडळापुढे टक्केवारी होते. तेथे आपण किती सक्षम आहोत हे सांगून चालत नाही, किती अक्षम आहोत हे सिद्ध करावे लागते. दहावीच्या परीक्षेत अध्ययन-अक्षम मुलांना जादा वेळ व काही विषयांत सवलत देण्याची सुरुवात महाराष्ट्राने १९९६ पासून केली ही अभिमानाची बाब आहे. तरी प्रमाणपत्रासाठी तालुक्याहून शहरातील मोठ्या इस्पितळात जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांची सवलत कोणत्याही शासन निर्णयात नाही.

भांडवलानेही या विषयात रस घेतला आहे. जर्मनीच्या सॅप या संगणक कंपनीने २०१३ मध्ये स्वमग्न उमेदवारांची खास भरती जाहीर केली आणि इतरांनी तिचे अनुकरण केले. ज्यांना काम मिळाले त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचे कारण नाही. मात्र सूक्ष्म चुका हेरणारा मेंदू कंपनीला हवा आहे, आणि ज्याच्याजवळ तसले काही कौशल्य नाही तो बाहेरच आहे. व्हिएन्नाचा तो जुना 'उपयोगी' येथे कोट घालून आला आहे.

२०१६ च्या कायद्याच्या २० व्या कलमाने शासकीय आस्थापनेवर अपंग कर्मचाऱ्यासाठी 'वाजवी सोय' करण्याचे बंधन घातले आहे. विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ही सोय त्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणे, त्याच्याशी विचारविनिमय करून ठरली पाहिजे असे स्पष्ट केले. म्हणजे उपचारकाच्या खोलीत जे तत्त्व आहे तेच कचेरीतही लागू आहे. तेव्हा ती कारकून बाई आणि तिची उपचारक मिळून एक पत्र तयार करू शकतात: खिडकीऐवजी आतील टेबल, हुकूम लेखी, शिक्के मारण्याची जागा दूर. यात सरकारी तिजोरीचा खर्च जवळजवळ नाही. पत्रात निदान लिहावयाचे की नाही, आणि लिहिले तर ते कोणाकोणाच्या टेबलावरून जाईल, हे ठरविण्यास त्यांना कदाचित पत्र लिहिण्याहून अधिक भेटी लागतील.

तीच बाई कंत्राटदारामार्फत त्याच कचेरीत डेटा एंट्रीच्या कामावर असती तर? सही कंत्राटदाराची, हजेरी कचेरीची, आणि अकरा महिन्यांनी ऑर्डर संपणार. समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन २१ व्या कलमाने प्रत्येक आस्थापनेवर घातले असले तरी तिने ते पत्र कोणाच्या नावे लिहावयाचे, हे तिची उपचारक सांगू शकणार नाही. ते कामगार संघटनेला सांगता आले पाहिजे. ज्या मागणीपत्रकांत महागाई भत्ता, पाळी आणि रजा यांची कलमे असतात, त्यांत शांत जागा आणि लेखी हुकूम यांचे एक कलम घालण्यास अडचण कोणती, एवढे तरी पुढील बैठकीत विचारता येईल.